वीज गावात आली, वस्तीत किती आली? सातारा-सांगलीतील प्रकाशाचा हिशोब

सांगली जिल्ह्यातील जत तालुक्याच्या एका गावात आमच्या काही सहकाऱ्यांनी बुद्धविहारात संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली. दहावी-बारावीची मुले, पोलीस भरतीची आणि स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे तरुण, दोन-तीन मुली. पुस्तके जमली, सतरंज्या जमल्या, वस्तीतील एका निवृत्त शिक्षकांनी रोज दोन तास देण्याचे कबूल केले. अडचण आली ती विजेची. संध्याकाळी सातनंतर ट्यूबलाईट लागायची नाही, लागली तर फडफडत राहायची. पंखा फिरायचा, पण त्याची पाती मोजता यायची. मोबाईल रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी निम्माच भरलेला असायचा.

गावाची सरकारी नोंद मात्र 'विद्युतीकरण झालेले गाव' अशी आहे आणि ती खोटीही नाही. गावात वीज आहे. वस्तीतही खांब आहेत, मीटर आहेत, बिले येतात. मग आमची मुले मेणबत्ती का शोधत होती? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला बरेच काही शिकायला मिळाले. वीज गावापर्यंत कोणकोणत्या मार्गांनी येते, त्यातील कोणता मार्ग आपल्या वस्त्यांना सोयीचा आहे आणि त्यासाठी कायद्याने आपल्या हातात काय दिले आहे, हे चळवळीतल्या प्रत्येक तरुणाला ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

'विद्युतीकृत गाव' म्हणजे काय?

या शब्दाचा सरकारी अर्थ दोनदा बदलला आहे. १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठेही, कोणत्याही कामासाठी वीज वापरली गेली की गाव विद्युतीकृत धरले जाई. म्हणजे शिवारात एका बागायतदाराच्या विहिरीवर मोटर बसली की कागदावर सगळे गाव उजळले. १९९७ मध्ये नियम बदलला आणि वीज प्रत्यक्ष लोकवस्तीच्या भागात वापरली गेली पाहिजे, असे ठरले. २००४ मध्ये आणखी सुधारणा झाली. लोकवस्तीत रोहित्र आणि वीजवाहिन्या हव्यात, शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक ठिकाणी वीज हवी आणि किमान १० टक्के घरांत जोडणी हवी. याच व्याख्येत एक महत्त्वाची ओळ आली. गावात दलित वस्ती असेल तर तिथेही रोहित्र आणि वाहिनी पोचलेली असली पाहिजे.

ही ओळ व्याख्येत घालावी लागली, यातच सगळे आले. गाव आणि वस्ती यांच्यामधले अंतर विजेच्या तारेनेही पाळले होते. जातीची रचना घरांच्या जागेत उतरते, पाणवठ्यात उतरते, तशी ती खांबांच्या रांगेतही उतरते. त्यासाठी कोणी मुद्दाम कट केलेला असतो असे नाही. वीज आधी तिथे जाते जिथे मागणी करणारा, पैसे भरणारा आणि कार्यालयात ओळख असलेला माणूस राहतो. वस्ती शेवटी येते, म्हणून शेवटच्या खांबावर राहते.

१० टक्क्यांची अटही नीट समजून घ्या. शंभर घरांच्या गावात दहा घरांत दिवे लागले तरी गाव विद्युतीकृत. म्हणून २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरमधील लैसांग या गावी वीज पोचल्यावर देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याची घोषणा झाली, तेव्हाही कोट्यवधी घरांत अंधार होता. सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'सौभाग्य' योजनेने पहिल्यांदा गावाऐवजी घर मोजायला सुरुवात केली. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत नाव असलेल्या गरीब घरांना मोफत आणि बाकीच्यांना ५०० रुपयांत, तेही दहा हप्त्यांत, जोडणी मिळाली. पुढच्या काही वर्षांत देशभरात २ कोटी ८० लाखांहून अधिक घरांना जोडण्या दिल्या गेल्या. हे काम मोठे आहे, ते मान्य केले पाहिजे. पण जोडणी मोजली, दाब मोजला नाही. किती तास आणि किती व्होल्ट, हा पुढचा प्रश्न आपल्यासाठी शिल्लक आहे.

बाबासाहेब आणि वीज

आपल्यापैकी अनेकांना बाबासाहेब संविधानाचे शिल्पकार म्हणून ठाऊक आहेत. देशाच्या वीजधोरणाचा पाया घालणाऱ्यांत ते होते, हे फार कमी सांगितले जाते. जुलै १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्याच खात्याकडे होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी सार्वजनिक बांधकामे व वीज यांच्या धोरण समितीच्या बैठकीत अध्यक्ष म्हणून बोलताना त्यांनी विजेचा प्रश्न थेट दारिद्र्याशी जोडला. वीज स्वस्त आणि भरपूर असल्याशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्याचा फेरा सुटणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. त्यांच्याच कार्यकाळात १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि १९४५ मध्ये जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग उभा राहिला. दामोदर खोऱ्याच्या बहुउद्देशीय प्रकल्पाची आखणीही त्याच काळातली.

बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत प्रवेश घेतला. आज आपण तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळतो. त्याच सातारा जिल्ह्यात पुढे महाराष्ट्रातील सर्वात मोठा जलविद्युत प्रकल्प उभा राहिला. विजेचा प्रश्न आपल्यासाठी परका नाही, हे एवढ्यासाठीच सांगायचे.

दिवा इथला, उजेड दुसरीकडे

पाटण तालुक्यातील कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट आहे. पहिल्या दोन टप्प्यांचे ६००, तिसऱ्याचे ३२०, चौथ्याचे १,००० आणि धरणाच्या पायथ्याशी ४० मेगावॅट. शिवाजीसागर जलाशयाचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला कोकणात पडते आणि त्यावर जनित्रे फिरतात. या विजेने राज्याचे उद्योग वाढले. त्यासाठी कोयना खोऱ्यातील गावे उठली आणि तिथल्या विस्थापितांची पुनर्वसनासाठीची आंदोलने पुढच्या पिढीपर्यंत चालली. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंपही याच खोऱ्याने सोसला.

नंतर वारा आला. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारावर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून पवनचक्क्यांची रांग उभी राहिली. सांगली जिल्ह्यात ढालगाव आणि गुढे-पाचगणीच्या पठारांवरही त्या दिसतात. अनेकांचा समज असतो की दारात पवनचक्की आहे म्हणजे गावाला वीज भरपूर मिळत असेल. तसे नसते. पवनचक्कीची वीज उच्चदाब वाहिनीने उपकेंद्रात जाते आणि राज्याच्या ग्रीडमध्ये मिसळते. गावाला त्याच ग्रीडमधून, गावठाण फिडरवरून, सगळ्यांसारखाच वाटा येतो. साखर कारखान्यांच्या उसाच्या चिपाडापासून होणारी सहवीज आणि धोम, कण्हेर, वारणा या धरणांच्या पायथ्याची छोटी वीजगृहे यांचेही तसेच.

म्हणजे सातारा-सांगलीत विजेच्या उत्पादनाची वाण नाही. जे तुटते ते शेवटच्या एक-दोन किलोमीटरमध्ये तुटते. त्यामुळे 'गावाला वीज कशी द्यायची' हा प्रश्न आपल्याकडे मुख्यतः वाटपाचा आहे.

पहिला मार्ग: ग्रीडची तार

बहुतेक वस्त्यांसाठी हाच मुख्य मार्ग आहे आणि राहणार आहे. उपकेंद्रातून अकरा हजार व्होल्टची वाहिनी निघते. गावात रोहित्र, म्हणजे आपण ज्याला डीपी म्हणतो, तो दाब उतरवतो आणि लघुदाब तारांवरून २३० व्होल्ट घरात येतात. नियमानुसार त्यात ६ टक्के कमी-जास्त चालते. म्हणजे साधारण २१६ ते २४४ व्होल्टच्या दरम्यान दाब असला पाहिजे.

आम्ही प्लगमध्ये लावायचा एक साधा व्होल्टमीटर आणला आणि अभ्यासिकेतल्या मुलांनी पंधरा दिवस वहीत नोंदी केल्या. दुपारी दाब बरा असे. संध्याकाळी सात ते दहा या वेळात तो १७० च्या आसपास उतरे. कारण पाहायला आम्ही खांब मोजत गेलो. डीपी गावाच्या मध्यावर, पिठाच्या गिरणीजवळ. वस्ती त्या तारेच्या शेवटच्या टोकाला. तार जितकी लांब आणि बारीक, आणि तिच्यातून जितका जास्त प्रवाह, तितका दाब वाटेतच खर्च होतो. डीपीजवळच्या घरांना पूर्ण दाब मिळतो, शेवटच्या घराला उरलासुरला. त्यात सगळ्या वस्तीचा भार एकाच फेजवर असेल तर दुखणे आणखी वाढते.

यावर तीन उपाय असतात. वस्तीजवळ स्वतंत्र डीपी बसवणे, जुन्या बारीक तारा बदलून जाड तारा किंवा केबल टाकणे आणि भार तिन्ही फेजवर समान वाटणे. शेवटचा उपाय जवळजवळ बिनखर्चाचा आहे. पण त्यासाठी कोणीतरी मागणी करावी लागते.

इथे आम्ही आमचीच चूक सांगतो. सहा महिने आम्ही वायरमनकडे तोंडी तक्रार करत राहिलो. "साहेबांना सांगितलंय" हे उत्तर ऐकून परत येत राहिलो. आमच्यातील बहुतेकांनी पदव्युत्तर शिक्षण घेतले आहे, मोर्चाची निवेदने आम्हीच लिहितो, पण डीपीसाठी एकही लेखी अर्ज आम्ही दिला नव्हता. नोंदवही जोडून, चाळीस ग्राहकांच्या ग्राहक क्रमांकांसह अर्ज दिला, पोच घेतली, तेव्हा कुठे पाहणी झाली.

दुसरा मार्ग: घरापुरता सौर संच

डोंगरातील एकट-दुकट घरे, धनगरवाडे, जंगलालगतच्या वाड्या अशा ठिकाणी तार ओढणे फार खर्चाचे होते. तिथे घरापुरता सौर पॅनेल, बॅटरी आणि काही दिवे असा संच देतात. 'सौभाग्य' योजनेतही दुर्गम घरांसाठी २०० ते ३०० वॅटचा संच होता, त्यात पाच एलईडी दिवे, एक पंखा आणि एक प्लग. बांगलादेशाने २००३ पासून हप्त्यांवर असे ४० लाखांहून अधिक संच खेड्यांत बसवले. जगातील हा सर्वात मोठा प्रयोग मानला जातो. त्याच्या यशाचे कारण पॅनेलपेक्षा व्यवस्थेत होते. गावापर्यंत कर्ज पोचले आणि गावापर्यंत दुरुस्ती करणारा माणूस पोचला. पुढे ग्रीडची तार आली तशी या संचांची मागणी घटली.

आपल्याकडे वाटलेल्या सौर दिव्यांचा अनुभव सगळ्यांना आहे. दोन-तीन वर्षांत बॅटरी बसते आणि खांबावर फक्त सांगाडा उरतो. बॅटरी कोण बदलणार, पैसे कुठून येणार, हे आधी ठरले नाही तर सौर संच हे उद्घाटनापुरतेच काम ठरते. राजस्थानातील तिलोनिया येथील बेअरफूट कॉलेजने कमी शिकलेल्या खेड्यातील बायांना सौर संच जोडायला आणि दुरुस्त करायला शिकवले, ते याचसाठी. आपल्या वस्त्यांत आयटीआय झालेली मुले आहेत. त्यांना हे काम का देऊ नये?

तिसरा मार्ग: गावाचे स्वतःचे छोटे ग्रीड

पुणे जिल्ह्यात जुन्नर तालुक्यातील दरेवाडी या आदिवासी पाड्यावर २०१२ मध्ये ९.४ किलोवॅटचे छोटे सौर ग्रीड उभे राहिले. त्यावर ३९ घरे जोडली. गावाने विश्वस्त संस्था केली, घरोघरी मीटर लावले, बिल ठरवले आणि त्या पैशातून देखभाल सुरू ठेवली. उलट बिहारमधील धरनई गावात २०१४ मध्ये मोठा गाजावाजा होऊन १०० किलोवॅटचे सौर ग्रीड उभे राहिले. काही वर्षांत बॅटऱ्या संपल्या, स्वस्त ग्रीड वीज गावात आली आणि तो प्रकल्प बंद पडला.

दोन्हींतून शिकायचे ते एकच. छोटे ग्रीड चालवायचे तर गावात पैशाचा हिशोब ठेवणारी समिती हवी आणि त्या समितीत सगळ्या वस्त्या हव्यात. सातारा-सांगलीत जिथे तार आधीच आहे तिथे या मार्गाची फारशी गरज नाही. पण सामूहिक हिशोबाची सवय आपल्याला सगळीकडे लागणार आहे.

चौथा मार्ग: छतावरची वीज

२०२४ मध्ये पाटण तालुक्यातील मान्याचीवाडी हे राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. ग्रामस्वच्छतेत आधीच नाव कमावलेल्या या छोट्या गावात १०२ घरांवर मिळून ११२ किलोवॅटचे संच बसले. एका किलोवॅटपासून दिवसाला सरासरी चार युनिट वीज धरली, तर गावाची रोजची निर्मिती सुमारे साडेचारशे युनिट होते. ज्या तालुक्यातून कोयनेची वीज राज्यभर गेली, त्याच तालुक्यातील एक वाडी स्वतःच्या छतावर वीज करू लागली.

केंद्राच्या 'पीएम सूर्यघर' योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. राज्याने २०२५ मध्ये 'स्मार्ट' योजना आणली. दारिद्र्यरेषेखालील आणि महिन्याला १०० युनिटपेक्षा कमी वापर असलेल्या घरांना तीत केंद्राच्या अनुदानावर राज्याचे जादा अनुदान मिळते आणि अनुसूचित जातीच्या घरांना सर्वसाधारण गटापेक्षा ते जास्त आहे.

योजना चांगली आहे, पण वस्तीत ती कुठे अडते ते पाहू. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट सावली नसलेले मजबूत छत लागते. जुने कौलारू घर किंवा वाकलेला पत्रा त्याला चालत नाही. घर नावावर लागते, मागील थकबाकी नसावी लागते. शिवाय एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. बॅटरी नसलेला छतावरचा संच ग्रीडची वीज गेली की आपोआप बंद होतो, कारण तुटलेल्या तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या अंगावर ती वीज जाऊ नये. म्हणजे बिल वाचते, पण वीज गेल्यावर अंधार तोच. अभ्यासिकेसाठी म्हणूनच विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या छतावर बॅटरीसह छोटा संच अधिक उपयोगी आहे.

पाचवा मार्ग: शेतीचे सौर फिडर आणि गायरानाचा प्रश्न

शेतीपंपांना आपल्याकडे आठ-दहा तास वीज मिळते, तीही आळीपाळीने रात्रीची. उसाला रात्री पाणी पाजायला कोण जातो? मालक क्वचित, गडी बहुतेक वेळा. साप, विंचू, ओल्या वाफ्यात उघडी वायर, हे सगळे त्याच्या वाट्याला. तो गडी अनेकदा आपल्या वस्तीतला असतो. म्हणून दिवसा वीज ही मागणी जमीन नसलेल्यांचीही आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिची दुसरी आवृत्ती आली. उपकेंद्राजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प उभारून त्या वाहिनीवरील शेतीपंपांना दिवसा वीज द्यायची, ही कल्पना आहे. खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. प्रकल्प उभा राहील त्या ग्रामपंचायतीला तीन वर्षांत १५ लाख रुपये मिळतात. एका मेगावॅटला चार-पाच एकर जमीन लागते. मग पहिली नजर जाते ती गायरानावर.

गायरान म्हटले की आपल्या चळवळीचा इतिहास समोर येतो. १९६४ च्या डिसेंबरमध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. महाराष्ट्र शासनाच्या २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळातील अनुसूचित जाती-जमातींच्या भूमिहीनांची गायरानावरील अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याच्या २०११ च्या निकालातही सर्वोच्च न्यायालयाने सरकारी निर्णयानुसार भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद ठेवला. तरीही अनेकांची नावे आजवर सातबाऱ्यावर चढलेली नाहीत. कागदावर ती जमीन मोकळी दिसते आणि मोकळी जमीन प्रकल्पाला दिली जाते.

आम्ही सौरऊर्जेच्या विरोधात नाही. पण ज्या गायरानावर एखादे कुटुंब चाळीस वर्षे ज्वारी पेरते, त्याचा दावा निकाली काढल्याशिवाय तिथे पॅनेलचे खांब रोवले जाऊ नयेत. आणि ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या १५ लाखांतून वस्तीत काय झाले, हा प्रश्न ग्रामसभेत विचारला गेला पाहिजे.

इथे आणखी एक विषमता आहे. २०२४ पासून राज्यात साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज आहे. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याने १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने ५ टक्के रक्कम भरायची असते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेतून नवबौद्ध शेतकऱ्याला विहीर, पंप, वीजजोडणी यांना अनुदान मिळते. ज्यांच्याकडे अर्धा-एक एकर का होईना जमीन आहे, त्यांनी या योजना सोडू नयेत. पण ज्यांच्याकडे जमीनच नाही, त्यांच्या वाट्याला यातले काय? विजेचे अनुदान जमिनीच्या मागे जाते आणि जमीन जातीच्या मागे गेलेली आहे.

याला उत्तर शोधताना सांगलीच्याच मातीतला एक विचार आठवतो. आटपाडी भागातील पाणी संघर्ष चळवळीने समन्यायी पाणीवाटपाची मागणी केली, तेव्हा भूमिहीनालाही पाण्याचा वाटा हवा असे ठामपणे मांडले. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांचे पाणी विजेवर चढते आणि त्यांच्या वीजबिलाचा ८१ टक्के भार सरकार उचलते. सार्वजनिक पैशाने चढलेल्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा मागता येतो, तर सार्वजनिक पैशाने स्वस्त झालेल्या विजेत का नाही? भूमिहीन घरांना ठरावीक युनिट मोफत ही मागणी आपण मांडली पाहिजे.

कायदा आपल्याला काय देतो?

वीज कायदा २००३ चे कलम ४३ सांगते की जागेचा मालक किंवा भोगवटादार यांनी अर्ज केल्यावर वीज देणे हे वितरण कंपनीचे कर्तव्य आहे. 'भोगवटादार' हा शब्द आपल्यासाठी मोलाचा आहे. घराची जागा नावावर नाही म्हणून मीटर नाही, असे ऐकले की हे कलम दाखवा. २०२२ मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वीज ही मूलभूत सोय आहे आणि घरमालकाचे ना-हरकत पत्र नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला ती नाकारता येत नाही, असे म्हटले.

ग्राहक हक्क नियमांच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार ग्रामीण भागात नवी जोडणी १५ दिवसांत, तर डोंगराळ ग्रामीण भागात ३० दिवसांत द्यायची आहे. कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस लागते. कोणी खांबावर चढून थेट वायर कापली, तर त्या नोटिशीची प्रत मागा. मात्र आकडा टाकून वीज घेणे हा गुन्हा आहे आणि त्याने शॉक लागून आपलीच माणसे मरतात. हक्काचे मीटर मिळत असताना आकड्याचे समर्थन आपण करू नये.

तक्रारीची पायरी अशी. आधी १९१२ वर नोंद करून तक्रार क्रमांक घ्यायचा, मग उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण यंत्रणा आणि शेवटी विद्युत लोकपाल. सांगली जिल्हा महावितरणच्या कोल्हापूर परिमंडळात येतो, तर सातारा बारामती परिमंडळात. कागद कुठे पाठवायचा हे माहीत नसल्याने अनेक अर्ज वाटेतच राहतात.

निधीचेही मार्ग आहेत. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्ती विकास योजना, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील मागासवर्गीयांसाठीचा १५ टक्के निधी आणि विशेष घटक योजना यांतून पथदिवे आणि वीजविस्ताराची कामे होऊ शकतात. २०२१ मध्ये महावितरणने डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवनप्रकाश योजना आणून अनुसूचित जाती-जमातींच्या घरांना ५०० रुपये अनामतीत, तेही पाच हप्त्यांत, जोडणी दिली होती. तेव्हा ज्या वस्त्यांत कार्यकर्ते फॉर्म भरून घेत फिरले, तिथल्या घरांना तिचा लाभ घेता आला. पुन्हा अशी योजना आली की आपल्या हातात यादी तयार असली पाहिजे.

आता काय करायचे?

चार कामे कोणत्याही वस्तीत या महिन्यात सुरू करता येतील.

एक, वस्तीची वीजवही तयार करा. किती घरे, किती मीटर, कोणाची जोडणी तुटलेली, कोण शेजारच्या घरातून वायर घेतो, डीपी किती खांब दूर, किती पथदिवे चालू.

दोन, पंधरा दिवस व्होल्टेजची नोंद ठेवा. सकाळ, दुपार, रात्री आठ. तारीख-वेळेसह मोबाईलवर फोटो घ्या.

तीन, लेखी अर्ज द्या आणि पोच जपून ठेवा. त्याच विषयाचा ठराव ग्रामसभेत मांडा. ग्रामसभेला चार जण गेले तर ठराव होत नाही, चाळीस जण गेले तर टाळता येत नाही. बायकांना सोबत न्या. संध्याकाळच्या चुलीपाशी अंधार कोण सोसते, हे त्या जास्त नेमके सांगतात.

चार, गायरानावर कसणाऱ्यांचे जुने पुरावे गोळा करा. दंडाच्या पावत्या, पीकपाहणीचे उतारे, पंचनामे. सौर प्रकल्पाचा प्रस्ताव गावात आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधी फाईल तयार असणे बरे.

२००५-०६ च्या सुमारास राज्यात भारनियमन शिगेला पोचले होते, तेव्हा अनेक गावांनी 'अक्षय प्रकाश' योजनेत ठरवून संध्याकाळी मोटारी आणि शेगड्या बंद ठेवल्या आणि त्या बदल्यात गावाचे दिवे चालू ठेवून घेतले. गावाने मिळून ठरवले तर विजेचे वाटप बदलते, याचा तो पुरावा होता. आता प्रश्न एवढाच आहे की 'गावाने मिळून' यात वस्ती धरली जाते की नाही.

आमच्या अभ्यासिकेपुरते सांगायचे तर अर्जानंतर काही अंतरावरच्या तारा बदलल्या गेल्या आणि भार दोन फेजवर वाटला गेला. आता रात्री आठला काटा दोनशेच्या आसपास असतो. नियमाच्या २१६ पर्यंत तो अजून आलेला नाही. स्वतंत्र डीपीचे अंदाजपत्रक झाले आहे, डीपी अजून कागदावर आहे. मुले अभ्यासाला बसतात आणि बसण्याआधी त्यातले एक जण रोज उठून वहीत आकडा लिहिते. डीपी येईपर्यंत ती वही बंद करायची नाही, असे त्यांनी ठरवले आहे.